रोजच्याच कामांत बाळाशी बोलायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

अर्धवट_झोप

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मुलगा १७ महिन्यांचा आहे. शब्द म्हणाल तर दोनच, 'बाबा' आणि 'दे'. (आई नाही! नऊ महिने पोटात, पुढचे सतरा कडेवर, आणि पहिला शब्द बाबा. असो.) समजतं सगळं. 'बूट आण' म्हटलं की आणतो, एकच आणतो पण आणतो. जो तो मला एकच सांगतो, 'त्याच्याशी सतत बोलत राहा.' अहो, बोलतेच आहे! आता आपण शर्ट घालू या, हा बघ निळा शर्ट, याला बटणं किती, हा हात इकडे, तो हात तिकडे... परवा संध्याकाळी माझा घसा बसला. तो मात्र पूर्ण वेळ पंख्याकडे बघत होता.

मग चित्रांची कार्डं आणली. दोन आठवड्यांत त्याने ती एकेक करून कपाटाखाली सरकवली.

मी नोकरी करते. मला मिळतं ते सकाळचं आवरणं, संध्याकाळचं जेवण, अंघोळ आणि झोपवणं. वेगळा 'अभ्यास' घ्यायला वेळ नाही आणि खरं सांगायचं तर ताकदही नाही. या चार कामांतच काही करता येईल का? तुम्ही नेमकं काय करता ते सांगा. 'बोलत राहा' सोडून काहीही चालेल.

पाळणाघरवाली

ताई, तुमचा रेडिओ झालाय. रागावू नका, माझाही झाला होता. रेडिओ कितीही गोड बोलला तरी त्याला कोणी उत्तर देतं का?

माझ्याकडे दोन वर्षांच्या आतली आठ मुलं असतात. मी काय करते ते मोज्याच्या उदाहरणाने सांगते. मोजा घालायचाय. मुलाला समोर बसवायचं, आपणही जमिनीवर बसायचं, म्हणजे त्याला मान वर करावी लागत नाही. मोजा हातात धरायचा, त्याच्या पायाजवळ न्यायचा आणि थांबायचं. तोंड बंद. भुवया थोड्या वर, 'आता काय बरं?' असा चेहरा. मनात दहापर्यंत मोजायचं. दहा म्हणजे किती लांब असतात ते तेव्हाच कळतं. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला आपली जीभ वळवळायला लागते.

बहुतेक वेळा सहाव्या-सातव्या आकड्याला काहीतरी होतं. मूल पाय उचलतं, किंवा मोज्याकडे बघून आपल्याकडे बघतं, किंवा 'अं!' करतं. हे त्याचं बोलणं. लगेच म्हणायचं, 'पाय! पाय घाल.' आणि मोजा घालायचा. दुसऱ्या पायाला पुन्हा तेच. देवाने पाय दोन दिलेत त्याचा फायदा घ्या.

मितभाषी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि माझ्यासारख्यांच्या वतीने आभार. मी मुळात अबोल माणूस. मुलगी झाल्यावर मला भीतीच होती की माझ्या गप्प बसण्याने हिचं नुकसान होणार.

मग थोडं वाचलं. २०१८ साली ४ ते ६ वर्षांच्या ३६ मुलांवर झालेला एक अभ्यास आहे. मुलांच्या अंगावर दिवसभर ध्वनिमुद्रक बांधून घरातलं बोलणं टिपलं होतं. मोठी माणसं एकूण किती शब्द बोलली यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात बोलण्याची देवघेव किती वेळा झाली याचा संबंध मुलांच्या मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त दिसला. म्हणजे आपण वाक्य टाकायचं, त्यांनी काहीतरी परत टाकायचं, आपण ते उचलायचं. हे मला जमतं. मी कमी बोलतो, त्यामुळे तिला तिची पाळी आपसूक मिळते :)

स्पष्टवक्ता_१

कशाला एवढा विचार करता? आमचा तीन वर्षांचा होईपर्यंत 'पाणी'सुद्धा म्हणत नव्हता. आज दहावीत आहे, गप्प बस म्हणावं लागतं. मुलगे उशिराच बोलतात. हल्ली सगळ्याचं टेन्शन घ्यायची फॅशन आहे.

कानगोष्ट

मी स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणून थोडं लांबेल.

स्पष्टवक्ता, तुमचा मुलगा बोलू लागला याचा आनंदच आहे. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे इतरांना गाठतात हे खरं. अडचण अशी की कोणतं गाठणार आणि कोणतं नाही हे १७ महिन्यांच्या मुलाकडे नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. मुलगे आणि मुली यांच्यात फरक असतो, पण सरासरीत थोडासाच. 'मुलगा आहे' म्हणून तपासणी वर्षभर पुढे ढकलावी एवढा तर नाहीच.

अर्धवट_झोप, मला आधी सांगा:
तो बोट दाखवतो का? आणि नुसतं 'ते हवंय' म्हणून, की 'ते बघ!' म्हणूनही?
मागून नाव घेतलं तर वळतो का?
टाटा, नाही, ये, अशा हाताच्या किंवा मानेच्या खुणा करतो का?
जन्मल्यानंतर कानांची तपासणी झाली होती का, आणि त्यानंतर सर्दी वारंवार झाली का?

आणि शब्द पुन्हा मोजा. पालक शब्द मोजताना फार कंजुषी करतात. पाण्याला दर वेळी 'पा' म्हणत असेल तर तो शब्द आहे. कुत्रा दिसला की 'भू' हाही शब्दच. उच्चार शुद्ध नसला तरी चालतो. एकाच गोष्टीसाठी, आपणहून, पुन्हा पुन्हा तोच आवाज आला की तो मोजायचा.

अर्धवट_झोप

बोट दाखवतो, दोन्हीसाठी. खिडकीतून विमान दिसलं की बोट त्याच्याकडे आणि तोंड माझ्याकडे, मी बघतेय ना याची खात्री करून घेतो. नावाला वळतो (टीव्ही चालू असेल तर नाही). टाटा करतो, बहुतेक पाहुणे गेल्यावर दार लागलं की. जन्माच्या वेळची तपासणी व्यवस्थित होती. सर्दी मात्र दोनदा बरीच लांबली.

शब्द पुन्हा मोजले. 'पा', 'भू', झोपताना 'जो', आणि काहीही खाली पडलं की 'प्पो!' हे शब्द असतात हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे दोनाचे सहा झाले. आज बरी झोप लागेल.

कानगोष्ट

'तोंड माझ्याकडे' हे वाचून मला फार बरं वाटलं. वस्तूकडे बघायचं, मग माणसाकडे बघायचं, ही दोघांची मिळून बघण्याची क्रिया म्हणजे बोलण्याचा पाया. आवाज मागाहून येतो.

तरीही सर्दी लांबली होती म्हणताय तर कानांची तपासणी पुन्हा करून घ्या. जन्माच्या वेळचा निकाल तेवढ्या वेळेपुरता असतो. कोणत्याही मुलासाठी थांबू नये अशा खुणा सांगून ठेवते: वर्षाच्या मुलाने 'बाबाबा'सारखी बडबड किंवा काहीच खाणाखुणा न करणं, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणं, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडून न बोलणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, येत असलेले शब्द किंवा माणसांत रमणं कमी होत जाणं. हे कोणत्याही वयात दिसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

तळमजला

कानाचं मनावर घ्याच. माझी मुलगी दीड वर्षाची असताना हाक मारली की कधी वळायची, कधी नाही. आम्हाला वाटायचं, तंद्रीत असते. ज्यांना दाखवलं त्यांनी 'हट्टी आहे, वाट बघा' म्हणून परत पाठवलं. चार महिने वाट बघितली. शेवटी दुसरीकडे तपासलं तर दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलेलं. ते कमीजास्त होत असतं, म्हणून ऐकणंही कमीजास्त. दुखत नाही, ताप नाही, कळणार कसं? तिला सगळं पाण्याखालून बोलल्यासारखं येत होतं आणि आम्ही तिला 'लक्ष नसतं तुझं' म्हणून ओरडत होतो. हे अजून मला टोचतं.

जुना_चष्मा

मी आजोबा गटातला. नातवाची अंघोळ माझ्याकडे असते, कारण त्यात वाकायचं नसून बसायचं असतं.

आमचा कार्यक्रम ठरलेला. तांब्या भरला की मी म्हणतो, 'एक... दोन...' आणि 'तीन!' म्हणून पाणी ओततो. सुरुवातीला महिनाभर मीच तिन्ही म्हणत होतो. मग एकदा 'एक... दोन...' म्हटलं आणि तांब्या तसाच वर धरून ठेवला. तो खांदे आक्रसून, डोळे मिटून बसलेला. पाणी आलं नाही तसा एक डोळा उघडला. तांब्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि 'ईऽऽन!' मी इतका खूश झालो की पाणी माझ्याच धोतरावर. तो हसून हसून पाटावरून घसरायच्या बेतात.

आता 'ईन' हा शब्द तो सगळीकडे वापरतो. दार उघडायचं, ईन. दिवा लावायचा, ईन.

मितभाषी

आजोबा, तुमचा तांब्या म्हणजे मानसशास्त्राचा प्रयोग आहे. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात आई-बाळाच्या 'बुवा-कुक'सारख्या खेळांचा अभ्यास केला होता. खेळ दर वेळी तोच, क्रम तोच. त्यामुळे पुढे काय येणार ते बाळाला माहीत असतं आणि हळूहळू आईची भूमिका बाळ स्वतःकडे घेतं.

दुसरं उदाहरण त्याहून भारी. एमआयटीतल्या डेब रॉय यांनी आपल्या मुलाच्या जन्मापासून घराच्या छतात कॅमेरे आणि मायक्रोफोन बसवून सुमारे तीन वर्षांचं रेकॉर्डिंग केलं. 'गागा'चा 'वॉटर' कसा होत गेला तेही त्यात सापडतं. २०१५ साली त्यांनी मांडलं की जो शब्द ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक विषयातच ऐकू यायचा तो मूल लवकर बोलायला लागलं. नुसता जास्त वेळा ऐकलेला शब्द त्या मानाने मागे पडला. म्हणजे मोज्याच्या वेळी 'मोजा', नळापाशी 'पाणी'. कार्डावरचा हत्ती कपाटाखालीच बरा.

अर्धवट_झोप

धोतर वाचून ऑफिसात एकटीच हसले.

एक शंका. पाळणाघरवाली ताईंनी मोजा धरून थांबायला सांगितलं. आमच्याकडे एक जवळचं माणूस असंच करतं, पण पेला वर धरून, 'पाणी म्हण, मग देते.' तो आधी 'पा' म्हणायचा, आता म्हणतच नाही. रडतो, नाहीतर सरळ जाऊन बादलीत हात घालतो. माझं काय चुकतंय की त्यांचं?

पाळणाघरवाली

छे छे, ते वेगळं! मी थांबते ती त्याला पाळी देण्यासाठी, अडवण्यासाठी नाही. दहा आकडे झाले आणि काहीच आलं नाही तर मी 'पाय' म्हणते आणि मोजा घालते. रुसवाफुगवी नाही. मोज्यावाचून कोणाचं अडत नाही, म्हणून मोज्यावर थांबता येतं. तहानलेल्या मुलाला पाणी दाखवून थांबायचं? आपल्याला कोणी असं केलं तर आपण 'पाणी' म्हणू की आणखी काही म्हणू?

कानगोष्ट

अगदी हेच. त्याने पेल्याकडे बोट दाखवलं तेव्हाच तो मागून मोकळा झाला होता. आपण 'पाणी! पाणी हवंय' म्हणून द्यायचं. शब्द आपण पुरवायचा, परीक्षा घ्यायची नाही.

परीक्षेवरून आठवलं. 'हे काय? भूभू कसा करतो? काकांना म्हणून दाखव!' यातला एकही प्रश्न खरा नसतो, विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, आणि मुलाला ते कळतं. प्रश्नाऐवजी नुसतं सांगा. 'भूभू आला. भूभू पळाला.' मग गप्प. प्रश्न विचारायचाच तर खरा विचारा, दोन्ही शर्ट समोर धरून 'लाल की निळा?' तो हात लावेल, बघेल, ओरडेल, काहीही करेल, ते उत्तर धरायचं.

आणि तो जे म्हणतो त्यात एक शब्द घालून परत द्यायचं. तो 'प्पो!' म्हणाला की 'पडला! चेंडू पडला.' बस, एवढंच. चेंडूचा रंग आणि आकार नंतर.

दोन_खिडक्या

मराठीत एक सोय आहे ती कोणी सांगितली नाही. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि शेवटचं कानात राहतं. त्यात आपली रोजची क्रियापदं केवढीशी: दे, घे, ये, जा, बस, ऊठ. नुसत्या नावांच्या मागे न लागता ही वापरा. 'चेंडू' एकाच वस्तूला चालतो, 'दे' जगातल्या सगळ्या वस्तूंना. (धागाकर्तीच्या मुलाने बरोबर तोच आधी उचललाय, हुशार आहे.)

आमच्या घरात दोन भाषा आहेत. एक भाषा बंद करा म्हणजे मूल लवकर बोलेल असं बऱ्याच जणांनी सांगितलं. कानगोष्ट, यावर काय म्हणता?

कानगोष्ट

बंद करू नका. दोन भाषांमुळे बोलण्यात दोष येत नाही. शब्द मोजताना दोन्हींतले मिळून मोजा आणि जी भाषा तुम्हाला न अडखळता येते तीत बोला. मोडक्या भाषेत बाळाला हसवणार कसं?

तळमजला

थोडं अवांतर. माझा धाकटा अडीच वर्षांचा आहे आणि स्वतःबद्दल 'मी आली', 'मी जाते' म्हणतो, कारण दिवसभर ऐकतो माझंच. लोक 'आलो म्हण, आलो!' करून त्याला भंडावतात आणि तो गप्प होतो. काय करावं?

कानगोष्ट

त्याच्याशी बोलताना योग्य रूप येऊ द्या, झालं. तो 'मी आली' म्हणाला की 'अरे वा, तू आलास! बाबा पण म्हणतोय, मी आलो.' चूक दाखवू नका. आपण काय बोललो यापेक्षा कसं बोललो याला जास्त महत्त्व आहे असं वाटलं की मोठी माणसंही गप्प होतात, तो तर अडीच वर्षांचा आहे.

स्पष्टवक्ता_१

बरं, एक कबूल करतो. आमच्याकडे तेव्हा टीव्ही दिवसभर चालू असायचा. बघायचं कोणीच नाही, नुसता चालू. त्याचा काही संबंध असेल का? उगाच विचारतोय.

मितभाषी

तुमच्या मुलाचं सांगता येणार नाही. पण टीव्ही मागे चालू असला की मोठी माणसंच मुलाशी कमी बोलतात, हे नोंदलं गेलंय. २००३ सालचा एक प्रयोगही आहे. ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ वेळा चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष भेटवली, तर ती बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तेच बोलणं पडद्यावर दाखवलं तर काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये दोन वर्षांच्या आत पडदा नको असंच सुचवलंय. आजारपणात आमच्याकडे मोबाइल लागला होता, खोटं कशाला बोलू.

अर्धवट_झोप

(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. कान तपासले, दोन्ही ठीक. टीव्ही संध्याकाळी बंद. नवऱ्याला बातम्यांचा त्रास होतोय, पण होऊ दे.

मोज्याचा प्रयोग सुरू केला. पहिले चार दिवस काही नाही. मी दहा मोजायची, तो मोज्यातला दोरा उपटायचा. पाचव्या दिवशी पाय वर केला. मी 'पाय!' म्हटलं. दहाव्या दिवशी 'पा' आला. पण 'पा' म्हणजे पाणी ना? मी गोंधळले, पाणी दिलं. त्याने पेला बाजूला सारला, पाय माझ्या तोंडासमोर धरला आणि ओरडला, 'पा!' दोन वेगळे 'पा' आहेत त्याचे. मोजायचे कसे?

कानगोष्ट

दोन शब्द धरा. :)

अर्धवट_झोप

मग 'गे' (गेलं), 'ईन' (आजोबांची कृपा, अंघोळीत तेच केलं) आणि 'वो' (पंखा, का ते विचारू नका) धरून दहा झाले.

आणि काल सकाळी मी घाईत बूट घालत होते. हा माझा मोजा घेऊन समोर येऊन बसला. मोजा माझ्या पायाजवळ धरला आणि थांबला. भुवया वर. अगदी मी करते तस्सा चेहरा. बस चुकली, पण मी पाय उचलून 'पा!' म्हणेपर्यंत त्याने मोजा सोडला नाही.

जुना_चष्मा

शाबास! बरं, 'आई' म्हणाला का?

कानगोष्ट

त्याची घाई नको. 'बाबा', 'मामा' ओठ मिटले-उघडले की होतात, बडबडीतच सापडतात. 'आई'त धरायला एकही व्यंजन नाही, नुसते स्वर. म्हणून बरेचदा बाबा बाजी मारतात. यात प्रेमाचा काही संबंध नाही.

अर्धवट_झोप

म्हणाला ना. परवा. गॅलरीतल्या मांजरीला.